फियाट बरी की अ‍ॅम्बॅसडर?

आपल्या मराठी मंडळींत गाड्यांचा विषय निघाला, की एक जुना वाद हमखास निघतो: फियाट बरी की अ‍ॅम्बॅसडर? मरीन परेडमध्ये वाढणाऱ्या आमच्या मुलांनी या दोन्ही गाड्या बहुधा जुन्या फोटोंतच पाहिल्या असतील. त्यांच्यासाठी हा हिशेब मांडत आहोत.

फियाट म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७४ साली मिळाले. अ‍ॅम्बॅसडर ही बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची. तिचा मूळ साचा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. त्याच नावाच्या पुढच्या गाड्या सिंगापुरातही टॅक्सी म्हणून धावल्या, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

आता आकडे पाहू. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. अ‍ॅम्बॅसडरचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचे, ताकद सुमारे ५०. मग अ‍ॅम्बॅसडर अधिक चपळ का? तसे नाही. पद्मिनीचे वजन ९०० किलोच्या आसपास, तर अ‍ॅम्बॅसडरचे ११०० किलोच्या वर. वजन आणि ताकद यांचा मेळ घातला, तर दोघी जवळजवळ सारख्याच.

खरा फरक आकाराचा. पद्मिनीची लांबी ३.९ मीटर, अ‍ॅम्बॅसडरची ४.३. या हातभर फरकातच सारा वाद आहे. गिरगाव-दादरच्या गल्लीत पद्मिनी सहज वळे. उलट सामानसुमान आणि सारे कुटुंब घेऊन खडबडीत रस्त्याने गावी जायचे, तर अ‍ॅम्बॅसडरच हवी. म्हणूनच मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची लाडकी पद्मिनी, तर कोलकात्याची अ‍ॅम्बॅसडर.

एका बाबतीत मात्र दोघींना सारखेच गुण द्यावे लागतील. त्यांची यंत्रे साधी होती. रस्त्याकडेचा मेकॅनिकही बॉनेट उघडून दुरुस्ती करू शके. त्यामुळे एकच गाडी वडिलांनी चालवली आणि पुढे मुलानेही.

आपल्या बेटावर असे सहसा घडत नाही. जागा मोजकी, मरीन परेडच मुळी समुद्र बुजवून वसवलेले. म्हणून १९९० पासून गाडीसाठी ‘सीओई’ घ्यावे लागते. त्याची मुदत १० वर्षांची. पुढे गाडी ठेवायची तर पुन्हा पैसे मोजा. नियमाला कारण आहे, हे आम्हांस मान्य. मुंबईतही टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन तर २०१४ सालीच थांबले होते.

आमचा कौल विचाराल, तर इथल्या पार्किंगसाठी पद्मिनी आणि एकत्र कुटुंबासाठी अ‍ॅम्बॅसडर. पण मुलांना त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगावीशी वाटते: बिघडलेली वस्तू टाकण्याआधी ती उघडून पाहावी, हे या दोन्ही गाड्यांनी घरोघर शिकवले. गाड्या गेल्या तरी ती सवय आपल्या घरांतून जाऊ नये.