समुद्राकाठच्या घरात कायमचं जायचंय? मे महिन्यात ठरवू नका, जुलैमध्ये ठरवा

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं संपादित केलंय.)

आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांच्या मनात कधी ना कधी घोळून गेलेला असणार. मुंबई-पुण्यात पंधरा-वीस वर्षं नोकरी झालीय. कोकणात समुद्राजवळ सुट्टीसाठी म्हणून एक घर घेतलंय. आणि दर रविवारी संध्याकाळी परतीच्या ट्रॅफिकमध्ये तोच विचार येतो, की राजीनामा टाकावा आणि इथेच येऊन राहावं. निदान वर्ष-दोन वर्षं तरी.

विचार अजिबात वाईट नाही. पण सुट्टीचं घर वेगळं आणि राहतं घर वेगळं. तो फरक नेमका कुठे जाणवतो आणि राजीनाम्याआधी काय तपासायचं, ते आज बघूया.

सुरुवात घरापासून. आपण ते घर पाहतो दिवाळीत, नाताळात, मे महिन्यात. कोकणात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे वर्षातले चार महिने असे, की जे आपण त्या घरात कधी काढलेलेच नाहीत. खारा वारा खिडकीच्या गजांना, बिजागऱ्यांना, एसीच्या बाहेरच्या युनिटला गंज चढवतो. कपाटातले कपडे आणि पुस्तकं दमट होतात, बुरशी धरतात. गावातली जुनी माणसं पावसाआधी कौलं चाळून घेतात, पडवीला झापं बांधतात, लाकूडफाटा आत भरतात. ही हौस नाही, दरवर्षीचं काम आहे आणि दरवर्षीचा खर्चही.

दुसरी गोष्ट पाण्याची. इतका पाऊस पडतो मग पाण्याची काय चिंता, असं वाटतं ना? पण जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी मुरतं तसं उताराने निघूनही जातं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कित्येक गावांतल्या विहिरी तळ गाठतात. समुद्राच्या अगदी जवळच्या विहिरीचा उपसा वाढला, तर पाणी मचूळ होतं. दोन दिवसांच्या सुट्टीत टाकी पुरते. रोज राहायचं तर विहीर मेअखेरीस किती पाणी देते, हे शेजाऱ्यांना विचारा.

तिसरी गोष्ट वीज आणि वादळं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. घरून ऑनलाइन काम करून थोडे पैसे मिळवायचा बेत असेल, तर वीज आणि नेटवर्क गेल्यावर काय, याचं उत्तर आधी हवं.

आता पैशांकडे येऊ. राजीनाम्याची तारीख ठरवताना तीन आकडे बघा.

पहिला, ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत सलग ५ वर्षं पूर्ण झाली की ती मिळते. कायद्याचा हिशोब असा: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं, भागिले २६. समजा ही रक्कम ६०,००० आणि सेवा १२ वर्षं, तर साधारण ४ लाख १५ हजार रुपये होतात.

दुसरा, पीएफ. सेवा ५ वर्षांपेक्षा कमी असताना पैसे काढले, तर सहसा कर लागतो. आणि त्यातल्या पेन्शन योजनेसाठी १० वर्षांची सेवा लागते. त्याच्या अगदी जवळ आला असाल, तर थोडी कळ काढा!

तिसरा, मेडिक्लेम. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी करा. बीपी, शुगर असेल तर हे काम सगळ्यात आधी.

विम्यावरून दवाखान्याचं आठवलं. समजा घर गुहागरला आहे. मोठ्या इलाजासाठी चिपळूण गाठायचं, तर साधारण ४५ किलोमीटर वळणावळणाचा रस्ता. पावसात, रात्री, आई-वडिलांना घेऊन तो किती वेळाचा होतो? घरातल्या वयस्कर माणसांना तिकडे नेणार असाल, तर समुद्र किती जवळ आहे त्याच्याआधी हे मोजा.

"खर्च भागवायला होमस्टे काढू," असंही अनेकजण म्हणतात. काढता येतो. पण भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सर्वसाधारणपणे सीआरझेडच्या नियमांत येतो, आणि विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं. तिथे एक खोली वाढवायची तरी आधी परवानगीचं बघावं लागतं. शिवाय पाहुणे येणार शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात. म्हणजे ज्या दिवसांसाठी तुम्ही ते घर घेतलं, नेमके तेच दिवस तुम्ही चहा-नाश्त्याच्या धावपळीत असणार.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यावर घरात मोकळेपणाने बोललं जात नाही. हे स्वप्न दोघांचं आहे की एकाचंच? जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, किनारा ओस पडतो, संध्याकाळी सातला गाव चिडीचूप. दिवसभर मीटिंगांमध्ये वैतागलेल्या माणसाला ही शांतता औषधासारखी वाटते. पण ज्याच्या मैत्रिणी, क्लास, नातेवाईक, सगळं शहरात आहे, त्याला तीच शांतता खायला उठते.

मग करायचं काय? राजीनाम्याऐवजी आधी रजा मागा. साठलेली असेल तर ती, नाहीतर बिनपगारी. १५ जून ते १५ ऑगस्ट त्या घरात राहा, दोघंही. पगार नाही असं समजून ठरलेल्या रकमेतच घर चालवा. गावातलं किराणा दुकान, वायरमन, प्लंबर, डॉक्टर यांच्याशी ओळख करून घ्या. सोसायटीच्या वॉचमनला फोन करण्याची सवय इथे चालत नाही, शेजारीच उपयोगी पडतात. आणि शेजार तयार व्हायला वेळ द्यावा लागतो.

दोन महिन्यांनी नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बसून ठरवा. तेव्हाही दोघांना तिथेच राहावंसं वाटलं, तर खुशाल राजीनामा द्या. नाही वाटलं, तरी काही बिघडत नाही. नोकरी शाबूत आहे आणि सुट्टीचं घर सुट्टीसाठी आहेच की!

तुमच्यापैकी कुणी असा पावसाळा काढला असेल, तर अनुभव जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!