दोष पेंडीचा की कोंबडीच्या यकृताचा?

‘गावरान म्हणून घेतलेल्या तपकिरी अंड्यांमधलं एखादंच अंडं उकडल्यावर मासळीसारखं वासतं, बाकीची अगदी चांगली निघतात. या कोंबड्यांना खायला तरी काय घालतात?’ असा प्रश्न एका वाचकांनी पाठवला आहे. एकाच ट्रेमधलं एखादंच अंडं वासावं, हे त्यांचं निरीक्षण फार मोलाचं आहे. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांना पन्नास वर्षांपूर्वी याच गोष्टीने कोड्यात टाकलं होतं. दोष फक्त खाद्याचा असता, तर सगळीच अंडी वासायला हवी होती.

कोंबडीने खाल्लेलं अंड्यात उतरतं, यात शंका नाही. त्याचा सर्वांत देखणा पुरावा १९०८ सालचा आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सुझॅना फेल्प्स गेज आणि त्यांचे पती सायमन गेज यांनी कोंबड्यांच्या खाद्यात सुदान-३ हा लाल रंग मिसळला. हा रंग पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतो. पुढे अंडी फोडून पाहिली तर पांढरा भाग कोरा आणि बलकात लाल थर! त्यांनी काही अंडी उबवलीही. त्यातून निघालेल्या पिल्लांच्या अंगातली चरबीसुद्धा लाल होती. आईने खाल्लेला रंग अंड्याच्या वाटेने पिल्लापर्यंत पोचला होता. पुढे जीवशास्त्रज्ञ ऑस्कर रिडल यांनी हाच रंग वापरून बलक कसा वाढत जातो हे मोजलं. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे बलकातही थर असतात आणि कोंबडीने कुठल्या दिवशी रंग खाल्ला, हे त्या थरांवरून सांगता येतं.

इथे सुझॅनाबाईंविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. मेंदूची रचना आणि भ्रूणशास्त्र यांत स्वतंत्र संशोधन केलेल्या या बाई. सायमन गेज यांचं सूक्ष्मदर्शकावरचं पाठ्यपुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं, त्यामुळे त्यांचं नाव राहिलं. लाल बलकाचा प्रयोग जिथे आठवला जातो तिथेही बहुतेक वेळा नुसतं ‘गेज’ एवढंच लिहितात आणि वाचणारा ते एकाच माणसाचं नाव समजतो. ते दोघांचं आहे.

त्या प्रयोगातून कळलेली एक गोष्ट कोंबडीपालन करणाऱ्याच्या रोजच्या उपयोगाची आहे. कोंबडीच्या अंडाशयात एकाच वेळी पाच-सहा पिवळे बलक लहान-मोठे, चढत्या क्रमाने वाढत असतात. प्रत्येक बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत झपाट्याने मोठा होतो. त्यासाठी लागणारी चरबी यकृतात तयार होते आणि रक्तातून तिथे पोचते. पांढरा भाग मात्र जेमतेम तीन-चार तासांत बलकाभोवती चढतो. म्हणजे खाद्याचा परिणाम मुख्यतः बलकावर दिसणार. खाद्य आज बदललं तरी उद्याच्या अंड्यात मागच्या आठवड्याचं खाणं असणारच.

बलकाचा रंग याच वाटेने येतो. मका भरपूर असेल तर बलक पिवळा, तांदळाची कणी आणि कोंडा जास्त असेल तर फिका. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क किंवा लाल मिरचीतलं रंगद्रव्य घातलं की हवा तेवढा केशरी. गडद बलक चविष्ट असतो, असं आपण धरून चालतो. अमेरिकन पाककला-लेखक केन्जी लोपेझ-आल्ट यांनी वेगवेगळ्या प्रकारची अंडी फेटून, शिजवून लोकांना चाखायला दिली, तेव्हा गडद केशरी अंडी सरस ठरली. मग त्यांनी सगळ्यांत हिरवा रंग मिसळून तीच चाचणी पुन्हा घेतली. आवडीनिवडीतला फरक नाहीसा झाला! चव सांगताना जिभेआधी डोळे बोलतात, हे इतक्या सोप्या प्रयोगातून दिसलं याचा मला फार आनंद वाटतो.

मासळीचा वास मात्र डोळ्यांचा भास नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेपसीडची, म्हणजे आपल्या मोहरीच्या चुलतभावंडाची, लागवड वाढली. तेल काढल्यावर उरलेली पेंड स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेली, तेव्हा ती कोंबड्यांच्या खाद्यात आली. त्याच सुमारास तिथल्या गिऱ्हाइकांना पांढऱ्यापेक्षा तपकिरी अंडं आवडू लागलं होतं. पेंड खाणाऱ्या, तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या कळपात काही अंड्यांना सडक्या मासळीचा वास येऊ लागला. पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्न कोंबड्या तीच पेंड खात होत्या आणि त्यांची अंडी साफ होती. शेजारशेजारच्या दोन पिंजऱ्यांत, एकाच पन्हळीतून खाणाऱ्या दोन तपकिरी कोंबड्यांपैकी एकीचं अंडं वासायचं, दुसरीचं नाही.

नॉर्विचच्या फूड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये वासाचा धनी शोधला: ट्रायमिथाइलअमाइन, थोडक्यात टीएमए. समुद्री मासळी शिळी झाली की जो वास सुटतो तो याच रसायनाचा. बांगड्याच्या कालवणात आमसूल किंवा चिंच पडते, ती चवीबरोबर याचाही बंदोबस्त करते. आंबटात टीएमएचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही. अंड्यात मात्र एका ग्रॅममागे साधारण एक मायक्रोग्रॅम टीएमए असलं तरी नाकाला कळतं.

पण कोंबडीने मासळी खाल्लीच नसेल, तर हे येतं कुठून? पेंडीत सिनॅपिन नावाचं एक कडवट द्रव्य असतं आणि त्यात कोलिन दडलेलं असतं. साधं कोलिन लहान आतड्यात बरंचसं शोषलं जातं. सिनॅपिन तसं शोषलं जात नाही, ते पुढे आंधळ्या आतड्यापर्यंत जातं. तिथले जिवाणू त्याचं टीएमए करतात. हे प्रत्येक कोंबडीत घडतं. मग ते रक्तातून यकृतात येतं आणि तिथलं एक विकर त्याला ऑक्सिजन जोडतं. तयार झालेल्या टीएमए-ऑक्साइडला वास नसतो. ते विष्ठेवाटे बाहेर पडतं आणि अंडं शुद्ध राहतं. ज्या कोंबडीचं हे विकर दुबळं, तिच्या रक्तातलं टीएमए बलकात उतरतं. पेंडीचा खोडसाळपणा इथेच थांबत नाही. तिच्यातले गॉयट्रिन आणि टॅनिन ते विकरच अडवतात. कच्चा माल तीच पुरवते आणि बाहेर जायची वाटही तीच बंद करते.

हा दोष आनुवंशिक आहे, हे एडिंबरोच्या संशोधकांनी १९७६ मध्ये संकर करून दाखवलं. नेमकी जागा सापडायला २००५ साल उजाडलं. फिनलंडमधल्या संशोधकांनी कोंबडीत हे विकर घडवणाऱ्या एफएमओ३ या जनुकात एकाच अक्षराचा फरक शोधला. त्यामुळे विकराच्या साखळीत ३२९ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन येतं. फरक एवढाच आणि अंडं वासतं!

हेच जनुक बिघडलं की माणसाच्या घामाला आणि श्वासाला मासळीचा वास येतो. या विकाराचं जनुकीय मूळ १९९७ मध्ये कळलं. त्यावरच्या वैद्यकीय लेखांत महाभारतातल्या सत्यवतीची, मत्स्यगंधेची आठवण काढलेली मी वाचली तेव्हा अंगावर काटा आला. सत्यवतीला हाच विकार होता असं कुणी सिद्ध करू शकत नाही. पण अशी माणसं त्या काळीही आसपास असणार, हे पटतं. स्वीडनमध्ये काही गायींच्या दुधाला मासळीचा वास यायचा. तिथेही २००२ मध्ये हेच जनुक सापडलं. माणूस, गाय आणि कोंबडी यांचं हे विकर एकाच जुन्या वारशातून आलेलं आहे.

‘ओमेगा-३’ अंड्यांना कधीकधी येणारा वास वेगळा. या कोंबड्यांना जवस किंवा माशाचं तेल देतात. त्यातली स्निग्धाम्लं हवेने चटकन खवटतात आणि त्या खवटपणाला मासळीची छटा असते. खाद्यात जवस दहा टक्क्यांच्या वर गेलं की चाखणाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. म्हणून अशा खाद्यात ई-जीवनसत्त्व जास्त घालतात. हा दोष जनुकाचा नाही, खाद्याचा आणि साठवणीचा आहे. त्यामुळे तो बहुधा सगळ्या कळपाच्या अंड्यांत येतो. खोक्यातली सगळी अंडी वासत असतील तर खाद्याकडे किंवा दुकानातल्या साठवणीकडे बघावं, कारण कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि शेजारी सुकट ठेवली तर अंडं तिचा वास उचलतं. एखादंच वासत असेल तर कोंबडीकडे बघावं.

आपल्याकडे बाजारात येणारी बहुतेक अंडी पांढरी, लेगहॉर्नच्या वंशातल्या कोंबड्यांची, आणि खाद्य मुख्यतः मका व सोयाची डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड. त्यामुळे हा त्रास आपल्याला फारसा माहीत नाही. तपकिरी अंड्याला मात्र गावरान म्हणून जास्त पैसे मोजले जातात आणि हे मला खटकतं. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. पिंजऱ्यातली संकरित कोंबडीही तपकिरी अंडं देते. त्या रंगावरून तिने काय खाल्लं हे कळत नाही, चवही कळत नाही. उलट मासळीच्या वासाचं जनुक सापडलं ते ऱ्होड आयलंड रेडसारख्या तपकिरी अंड्यांच्या वंशातच.

परदेशातल्या पैदास कंपन्यांनी २००५ नंतर जनुक-चाचणी करून आपल्या तपकिरी जातींमधून हा दोष काढायला घेतला. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत परसातल्या कुक्कुटपालनासाठी ऱ्होड आयलंड रेड आणि तिचे संकर पाळले जातात. त्या कोंबड्यांना कधी सुकटीचा चुरा मिळतो, कधी घाण्यावरची पेंड. अशा कळपांची ही चाचणी व्हायला हवी. मादीचा दोष निदान अंड्यातून उघड होतो. कोंबडा अंडं देत नाही, पण जनुक शेकडो पिल्लांत पोचवतो. म्हणून चाचणी पैदाशीच्या नरांपासून सुरू करावी. त्यासाठी रक्ताचा एक थेंब पुरतो. तोवर वास आलाच तर पेंड आणि सुकट बंद करून दोन आठवडे थांबावं. आधीच भरत आलेले बलक तेवढ्यात अंड्यांतून निघून जातात.