दवाखान्यात मुलीचं वय खरंच सांगा

माझी एक जुनी विद्यार्थिनी सासूबरोबर शाळेत आली. नववीनंतर निकाह झालेला, वय 17, चौथा महिना सुरू. सासूबाईंचं काम एकच होतं. "आपा, दाखले पे तीन-चार साल बढाके दो ना, दवाखाने में पूछते." रजिस्टरमधली जन्मतारीख अशी बदलता येत नाही, हे मी सांगितलं. पण तोवर आशाताईंना वय 21 सांगून झालं होतं.

घरच्यांना वाटतं, वय वाढवलं की भानगड मिटली. खरं नुकसान तिथूनच सुरू होतं. 20 वर्षांखालची पहिलटकरीण सरकारी नियमानुसार जोखमीची धरतात. तिच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो, म्हणजे डॉक्टर तिला जास्त वेळा बोलावतात, बाळंतपण कुठे करायचं हे आधीच ठरवतात. 21 लिहिलं की वयामुळे मिळणारी ही काळजी तिला मिळतच नाही.

या वयात मुलीचं स्वतःचं शरीर अजून वाढत असतं. लोह, कॅल्शियम तिलाही हवं आणि बाळालाही. त्यात आधीच रक्त कमी. बीपी वाढून झटके येण्याचा, दिवस भरण्याआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका या वयात जास्त असतो.

नाव 12 आठवड्यांच्या आत नोंदवायचं. किमान चार तपासण्या तर व्हायलाच हव्यात, आणि दर वेळी वजन, बीपी, लघवी, हिमोग्लोबिन बघायला सांगा. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7 च्या खाली गेलं तर दवाखान्यातच उपचार. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. आपल्याकडे गोळी घेतली की लगेच चहा! चहाने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. शौचाला काळं होतं म्हणून मुली गोळ्या सोडून देतात. ते गोळीमुळेच होतं, घाबरायचं कारण नाही.

रोजाचं विचारतातच. आईला किंवा बाळाला त्रास होईल अशी भीती असेल तर गरोदर बाईला रुखसत आहे, कजा नंतर करता येते. अशक्त मुलीला सासरच्यांनी हे स्वतःहून सांगावं, ती बिचारी लाजेने बोलत नाही.

समुपदेशनासाठी तिला थोडा वेळ एकटीला आत जाऊ द्या. सासू चांगली असली तरी तिच्यासमोर मुलगी पोट दुखतंय, नवरा ऐकत नाही, भीती वाटते, यातलं काही बोलत नाही. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतात, तिथे हे मोकळेपणी विचारता येतं. पुढचं गरोदरपण किमान दोन वर्षांनी, त्यासाठी कॉपर टी किंवा अंतरा इंजेक्शन मोफत मिळतं, हेही तिला तिथेच कळतं.

आता पोलिसांची भीती. मुलगी 18 च्या आतली असेल तर निकाह झालेला असला तरी पोक्सो कायद्याने डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणूनच निकाहाची घाई नको, असं मी पालकसभेत दर वेळी सांगते. पण ही भीती मोठ्यांच्या चुकीची आहे, तिची किंमत मुलीच्या जिवाने चुकवायची का? पोलिसांचे कागद नाहीत म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्या-हातावर सूज, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं सगळं मोफत आहे.

त्या मुलीचं वय शेवटी कार्डावर बरोबर लिहिलं गेलं. चौकशी झाली, घरात आठवडाभर कोणी नीट जेवलं नाही. पण त्याच भेटीत हिमोग्लोबिन 7.8 निघालं आणि उपचार सुरू झाले. परवा ती बाळाला घेऊन आली होती, दहावीच्या 17 नंबर फॉर्मची चौकशी करायला.