थांबल्यावर येणारी भोवळ

अंतराळात पाठवायची माणसं कशी निवडावीत, या प्रश्नावर १९७७ साली कार्ल क्लाईन या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने सहकाऱ्यांसोबत एक लेख लिहिला. युरोपात बांधली जाणारी ‘स्पेसलॅब’ अमेरिकेच्या स्पेस शटलमधून जायची होती आणि तिच्यात काम करणारे शास्त्रज्ञ शोधायचे होते. रोज मैलोन्‌मैल धावणारा, दमसास कमावलेला माणूसच यासाठी उत्तम, अशी सर्वसाधारण समजूत. क्लाईन यांनी नेमका तिलाच हात घातला. रक्त पायांकडे ओढलं जाऊ लागलं की कमावलेले धावपटू इतरांपेक्षा सरस ठरत नाहीत, उलट कमी पडू शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. अंतराळातून परतलेल्या माणसाला तर रक्ताची ही ओढ पेलावीच लागते. पृथ्वीवर पुन्हा उभं राहायचं असतं.

त्यावर बरीच वर्षं वाद झडला. नासात काम केलेले व्हिक्टर कन्व्हर्टिनो यांनी व्यायामाची बाजू घेतली. टेक्सासच्या पीटर रेव्हन यांनी मात्र दीर्घ सरावाने रक्तदाब सावरणारी यंत्रणा मंदावते, असं मांडलं. मला दोघांचंही आपापल्या जागी पटतं. आठवड्यातून चार दिवस अर्धा-पाऊण तास पळणाऱ्याला भिण्याचं काही कारण नाही. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षं लांब पल्ला मारणाऱ्यांचा. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, २०१२ साली साताऱ्याची हिल मॅरेथॉन आली, आणि आता तर दक्षिण आफ्रिकेतली सुमारे नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स पळायला मराठी माणसं दरवर्षी जातात. त्यामुळे एके काळी अंतराळवैद्यकात चर्चिला गेलेला हा प्रश्न आज आपल्या घरातल्या माणसांचा झाला आहे.

रविवारी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही टेकडीच्या पायथ्याशी जाऊन पाहा. लाँग रन संपवून मंडळी कट्ट्यावर बसलेली असतात. केळी सोलली जात असतात, कुणीतरी घड्याळ पुढे करून दाखवत असतं: ‘विश्रांतीची नाडी चव्वेचाळीस!’ तोच माणूस पाच मिनिटांनी निघायला म्हणून उठतो, दोन-चार पावलं टाकतो, बोलता बोलता थांबतो आणि शेजारच्या स्कूटरच्या सीटवर हात टेकतो. चेहरा पांढरा पडलेला. ‘सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना?’ असं कुणी विचारतं. ‘बीपी लो झालं असेल,’ असं दुसरं कुणी. अर्ध्या मिनिटात तो सावरतो आणि विषय तिथेच संपतो.

त्या अर्ध्या मिनिटात शरीरात बरंच काही घडून गेलेलं असतं. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून थोडं जास्त रक्त छातीतून खाली पोटात आणि पायांत उतरतं. हृदयापासून मेंदू जेमतेम फूटभर वर, पण तेवढी उंची चढताना रक्ताचा दाब पाऱ्याच्या वीस-बावीस मिलिमीटरने कमी होतो. मानेतल्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत दाब टिपणारे मज्जातंतू असतात. दाब उतरल्याची खबर ते मेंदूला देतात. मग नाडी वाढते, पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि गाडी रुळावर येते. पण या सगळ्याला काही सेकंद लागतात. झटकन उठल्यावर रक्तदाब तळ गाठतो तो साधारण दहाव्या सेकंदाच्या आसपास. म्हणूनच अंधारी उठल्याक्षणी येत नाही, दोन-चार पावलं टाकल्यावर येते. पहिल्या पंधरा सेकंदांत वरचा रक्तदाब चाळीसहून अधिक उतरून लगेच सावरला, तर डॉक्टर त्याला वेगळ्या गटात टाकतात. तीन मिनिटांच्या आत वरचा दाब निदान वीसने किंवा खालचा निदान दहाने उतरला आणि तसाच राहिला, तर तो प्रकार वेगळा आणि अधिक गंभीर.

धावपटूच्या बाबतीत हे जास्त का व्हावं? मंद नाडी हे कारण चटकन सुचतं, आणि त्यात तथ्यही आहे. पण मुळाशी जाणारं काम झालं ते डॅलसमध्ये. बेंजामिन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दमसासाचे खेळाडू आणि न खेळणारी माणसं यांची तुलना प्रसिद्ध केली. या लोकांच्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत नेऊन आतला दाब मोजला होता. प्रयोगातली युक्ती अशी: कमरेखालचं शरीर हवाबंद पेटीत ठेवून त्यातली हवा ओढली की रक्त पायांकडे खेचलं जातं. माणूस आडवाच असतो, पण शरीराला मात्र तो उभा असल्यासारखंच वाटतं. उलट सलाईन देऊन हृदय भरूनही पाहिलं. निष्कर्ष असा, की धावपटूंच्या हृदयाचा डावा कप्पा अधिक लवचीक असतो, चटकन ताणला जातो. भरून रक्त आलं की तो एका ठोक्याला भरपूर रक्त फेकतो, आणि सगळी शर्यत या गुणावरच चालते. पण तीच लवचीकता उलट दिशेलाही लागू पडते. आत येणारं रक्त थोडं जरी कमी झालं, तरी दर ठोक्यामागचं रक्त झपाट्याने घटतं. पखाल भरलेली असताना भरघोस धार देते आणि जरा रिकामी झाली की लोळागोळा होते, तसंच काहीसं.

म्हणजे ही भोवळ कमकुवतपणाची खूण असेलच असं नाही. ज्या बदलाने माणूस बेचाळीस किलोमीटर धावतो, त्याच बदलाची ही दुसरी बाजू असू शकते. हे धावणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना समजलं पाहिजे, असं मला फार वाटतं. नाहीतर एक तर उगाच घाबरगुंडी उडते, नाहीतर ‘एवढा फिट माणूस, त्याला काय होतंय’ म्हणून खरं दुखणं नजरेआड होतं.

मंद नाडीचंही थोडं सांगायला हवं. पूर्वी सगळं श्रेय हृदयाला आवरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला दिलं जाई. २०१४ साली मँचेस्टरच्या मार्क बॉयेट यांच्या गटाने व्यायाम करवलेल्या उंदरांमध्ये दाखवलं की हृदयाची लय ठरवणाऱ्या पेशींतल्या आयन-वाहिन्याच बदलतात. माणसातल्या मंद नाडीत कुणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

यापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं ते शर्यत संपते त्या जागेकडे. धावताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात-सैलावतात आणि प्रत्येक पावलागणिक पायांतलं रक्त वर ढकलतात. त्यावेळी पायांतल्या रक्तवाहिन्या सताड उघड्या असतात आणि घामासाठी त्वचेलाही रक्त लागत असतं. धावणारा फिनिश लाइन ओलांडतो, कुणीतरी मेडल गळ्यात घालतं, तो फोटोसाठी ताठ उभा राहतो. पोटऱ्यांचा पंप बंद पडतो, पण रक्तवाहिन्या तशाच उघड्या राहतात. व्यायामानंतर तासन्‌तास त्या सैल राहतात. ऑरेगॉनच्या जॉन हॅलिविल यांनी दाखवून दिलं की यामागे स्नायूंत तयार होणाऱ्या हिस्टामिनचा हात असतो. अशा वेळी उभा राहिलेला माणूस कोसळला तर नवल नाही.

१९९४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी अल्ट्रामॅरेथॉनमध्ये कोसळलेल्या धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले ८५ टक्के शर्यत पूर्ण केल्यानंतर कोसळले होते. मेडलची आणि शर्यत संपण्याची कटऑफ वेळ जवळ आली की कोसळणाऱ्यांचं प्रमाण वाढत होतं. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं निरीक्षण हे, की जे फिनिशच्या रेषेअलीकडे, धावता धावताच कोसळले त्यांच्यात स्पष्ट ओळखता येणारा आजार सापडण्याची शक्यता जास्त होती. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचा मॅरेथॉनपटू दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये शिरल्यावर पुन्हा पुन्हा पडला. ती रेषेअलीकडची गोष्ट. वैद्यकीय तंबूतल्या स्वयंसेवकाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: पडला कुठे, रेषेच्या अलीकडे की पलीकडे?

पलीकडे पडलेल्याचा उपचार सोपा आहे. आडवं झोपवा, पाय डोक्यापेक्षा उंच ठेवा, शुद्धीवर असेल तर तोंडाने घोट घोट द्या. आपल्याकडे मात्र ‘सलाईन लावा’ हा ठेका असतो. हातात सुई दिसली की नातेवाइकांना उपचार झाल्यासारखं वाटतं. दक्षिण आफ्रिकेतच २०११ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. शर्यतीनंतर कोसळलेल्यांपैकी निम्म्यांना शिरेतून सलाईन, निम्म्यांना पाय वर आणि तोंडाने पाणी. दोन्ही गट सावरून घरी जायला सारखाच वेळ लागला. शिवाय न तपासता चढवलेली बाटली घात करू शकते, कारण काहीजण पाणी कमी पडून नव्हे, जास्त पिऊन कोसळतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी निघालं. डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेलं बोलणं, सुजलेली बोटं दिसली तर आणखी पाणी पाजणं धोक्याचं असतं.

आता घरच्या गोष्टींकडे येतो. नवरात्रात नऊ दिवस उपास आणि शिवाय जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी, असं करणाऱ्या बायका सर्रास भेटतात. साबुदाण्यावर वीस किलोमीटर धावता येतात, पण शरीर हिशेब ठेवतं. जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी मिळाली नाही तर नाडी आणि रक्तदाब खाली जातात, पाळी लांबते, हाडं झिजतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याची सविस्तर नोंद घेतली. त्यात रक्तक्षयाची भर. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. धावणाऱ्या बाईला वारंवार चक्कर येत असेल तर ‘सरावाने होतं’ म्हणण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला हवं. हा खर्च नव्या बुटांपेक्षा कितीतरी कमी आहे.

काही खुणा मात्र घरच्या उपायांवर सोडायच्या नाहीत. धावता धावता, म्हणजे थांबण्याआधीच शुद्ध हरपणं; छातीत दुखणं किंवा धडधड; पडताना स्वतःला सावरायलाही वेळ न मिळणं; घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं. यांपैकी एक जरी असेल तरी हृदयरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि तोवर पळणं थांबवायचं.

बाकीच्यांनी साध्या सवयी धराव्यात. शर्यत संपली की दहा-पंधरा मिनिटं चालत राहायचं, फोटो चालता चालता निघाला तरी चालतो. लगेच गरम पाण्याने आंघोळ नको. कट्ट्यावरून उठण्याआधी पोटऱ्या आवळून सोडायच्या. अंधारी येतेय असं वाटलं तर पायांवर पाय टाकून मांड्या आणि नितंब घट्ट आवळायचे. ॲमस्टरडॅमच्या वाउटर विलिंग यांच्या गटाने २००२ साली दाखवलं की एवढ्याने येऊ घातलेली बेशुद्धीही थोपवता येते. तेही जमलं नाही तर सरळ उकिडवं बसायचं. लाज वाटू देऊ नका, पडून डोकं फुटण्यापेक्षा ते बरं.

पन्नाशी ओलांडून धावायला लागलेल्यांबद्दल मला विशेष काळजी वाटते. त्यातले कितीतरी रक्तदाबाची गोळी घेतात, काही प्रोस्टेटसाठीही घेतात, आणि लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्यांनी उभं राहिल्यावरचा दाब आणखी उतरतो. धावण्याने रक्तदाब मुळातच थोडा कमी झालेला असतो, गोळीचा डोस मात्र जुनाच. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. सकाळी पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, आठवडाभर वहीत लिहा, लाँग रनच्या दिवशी दुपारीही एकदा मोजा, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.