मारणाऱ्या हाताचीच ओढ

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला दिसत नाही, ऐकूही येत नाही. आई सापडते ती वासावरून. रेजिना सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी अशा पिल्लांना एका नव्या वासासोबत विजेचा सौम्य झटका दिला. झटका त्यांना चांगलाच जाणवत होता. तरी पुढे तोच वास आला, तेव्हा पिल्लं चक्क त्याच्याकडेच गेली! 2000 साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

साधारण दहा दिवसांनंतर पिल्लं असा वास टाळायला शिकतात. पण 2006 मध्ये दिसलं ते त्याहून थक्क करणारं. शिकताना आई शेजारी असली, तर या जरा मोठ्या पिल्लांनाही त्या वासाची पुन्हा ओढ लागते. आईजवळ असताना ताणाचं संप्रेरक वाढत नाही आणि भीती शिकणारा मेंदूतला भाग, अमिग्डाला, जागाच होत नाही. आईशिवाय जगता येत नाही, मग ती तुडवो की चावो, तिलाच बिलगायचं!

बाईचा मेंदू म्हणजे उंदराच्या पिल्लाचा मेंदू नव्हे, हे खरंच. तरी मार खाणाऱ्या बाईकडून नवऱ्याबद्दल “राग आला की हात उचलतो, एरवी जीव लावतो” हे ऐकलं की मला ती पिल्लं आठवतात. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी 1981 मध्ये मारणाऱ्याविषयीच्या या ओढीची दोन कारणं मांडली: सगळी सत्ता एकाच्या हाती, आणि मार-मायेचा काहीच नेम नसणं. ठरलेल्या बक्षिसाने मेंदूतलं डोपामाइन फारसं हलत नाही, अवचित मिळालेल्या बक्षिसाने उसळतं. आठवडाभराच्या धसक्यानंतर आलेला गजरा म्हणूनच इतका मोठा वाटतो. शिवाय जिवाला धास्ती लावणारा तोच आणि ती घालवणाराही तोच.

मग “पायरीवरून पडले” हे शेजारणीला सांगितलेलं निव्वळ खोटं असतं का? मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रायड म्हणतात, ज्याच्यावर आपलं सगळं अवलंबून असतं, त्याने केलेला घात मन स्वतःपासूनही लपवतं. तो धडधडीत दिसला तर दूर व्हावं लागेल, आणि जायला तर जागा नसते. हा नकार मला दुबळेपणा वाटत नाही. टिकून राहण्यासाठी मनाने केलेली ती पराकाष्ठा आहे.

अशा नात्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या 75 स्त्रियांचा डटन आणि पेंटर यांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी या स्त्रियांची ओढ पुन्हा मोजली. ती कमी झाली होती, पण जेमतेम 27 टक्क्यांनी. माहेरी परतलेली लेक त्याच्या फोनची वाट बघते, तेव्हा घरातले “हिला अजून अक्कल आली नाही” म्हणतात. तिचं मन तर नुकतं कुठे सुटायला लागलेलं असतं.