रिडिम-संग्रह

रिडिम-संग्रह : जमेकातील डान्सहॉल संगीतात रूढ असलेला ध्वनिमुद्रिकेचा एक प्रकार. एकाच वाद्यसंगीतावर निरनिराळ्या कलावंतांनी स्वतंत्रपणे रचलेली गीते त्यात एकत्र केलेली असतात. ‘रिडिम’ हे ताल या अर्थाच्या ‘ऱ्हिदम’ या इंग्रजी शब्दाचे जमेकन रूप होय. व्यवहारात मात्र ड्रम व बेस यांची आवर्तनाने येणारी चौकट आणि तिला जोडलेली इतर वाद्यांची साथ, असा संपूर्ण वाद्यभाग त्यात अभिप्रेत असतो व त्याला स्वतंत्र नावही असते.

किंग्स्टनमध्ये मोठे ध्वनिक्षेपक लावून नृत्यमेळावे भरत. १९६०–७० या दशकाच्या अखेरीस गायन वगळून उरलेले वाद्यसंगीत तबकडीच्या दुसऱ्या बाजूस देण्याचा प्रघात पडला. मेळाव्यातील निवेदक त्यावर लयबद्ध शब्दफेक करीत. यू-रॉय याच्या १९७० मधील ध्वनिमुद्रिकांनी ही शैली लोकप्रिय केली. रूपी एडवर्ड्झ या निर्मात्याचा यामाहा स्कँक (१९७४) हा एकाच रिडिमवरील पहिला संग्रह मानला जातो. १९८५ मध्ये वेन स्मिथ व निर्माता किंग जॅमी यांनी कॅसिओच्या लहान वाद्यातील तयार तालावर ‘स्लेंग टेंग’ हा रिडिम सिद्ध केला. त्यानंतर वादकसंचाऐवजी विद्युतीय साधनांवर रिडिम रचण्याची पद्धत रुळली.

अशा संग्रहांत मुख्यतः तीन गायनशैली आढळतात. ‘सिंगर’ स्वरप्रधान गायन करतो. ‘डीजे’ जमेकन बोलीत तालावर शब्द म्हणतो (येथे डीजे म्हणजे तबकड्या लावणारा नव्हे). ‘सिंगजे’ या दोहोंचा मेळ घालतो. वाद्यसंगीत तेच असल्याने श्रोत्याचे लक्ष आवाजाची जात, शब्दांची फेक व चालीतील कल्पकता यांवर केंद्रित होते. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन याच्या, टाळ्यांच्या आडलयीवर उभारलेल्या ‘दिवाली’ (२००२) या रिडिमवर वेन वंडरने मृदू प्रेमगीत गायिले, तर बाउंटी किलरने खड्या आवाजात शब्दफेक केली. त्याच रिडिमवरील शॉन पॉलचे ‘गेट बिझी’ २००३ मध्ये अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले.

नवनिर्मितीस पोषक असलेल्या या प्रथेने हक्कांचा प्रश्नही निर्माण केला. ‘स्टॅलॅग’ (१९७३) हा ॲन्सेल कॉलिन्सने वाजविलेला रिडिम पुढे सिस्टर नॅन्सीच्या ‘बॅम बॅम’ (१९८२) आणि टेनर सॉच्या ‘रिंग द अलार्म’ (१९८५) या गीतांना आधारभूत ठरला. ‘बॅम बॅम’ जगभर गाजूनही तीस वर्षांहून अधिक काळ आपणास त्याचा मोबदला मिळाला नाही, असे सिस्टर नॅन्सीने सांगितले आहे. जमेकात १९९३ पर्यंत ब्रिटिश अमदानीतील १९११ चाच स्वामित्वहक्क कायदा लागू होता. रिडिम सर्वांस खुला राहिल्यानेच ही परंपरा बहरली. परंतु मूळ वादक व गायक यांपैकी अनेकांचे श्रेय त्यामुळेच झाकोळले गेले.