भावी डॉक्टर आणि सिगारेट

तापीकाठच्या बऱ्हाणपूरच्या इतिहासात व्यसनाची एक हकीकत नोंदलेली आहे. अकबराचा धाकटा मुलगा दानियाल येथे राहत असता त्याला मद्याने ग्रासले. बादशहाच्या आज्ञेवरून त्याच्याभोवती पहारा बसला. तेव्हा राजपुत्राने मर्जीतल्या एका बंदूकधाऱ्याकडून बंदुकीच्या नळीत एका दारूऐवजी दुसरी दारू भरून आणविली. नळीतला गंज तीत उतरला. ती पिऊन दानियालने जे अंथरूण धरले, त्यातून तो उठला नाही. इ. स. १६०५ च्या सुमाराची ही गोष्ट त्याचा भाऊ जहांगीर याने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

याच दानियालच्या विवाहाच्या कामी विजापूरला गेलेला असदबेग तेथून तंबाखू घेऊन अकबराच्या दरबारी आला. बादशहाने एक-दोन झुरके घेतले, तोच राजवैद्य आडवा आला. ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही, तिचे गुणदोष ठाऊक नाहीत, असे त्याचे म्हणणे. असदबेगाने त्याला वादात निरुत्तर केले, एका पाद्र्यानेही तंबाखूचे गुण वर्णिले. वैद्य मात्र हटला नाही. अकबराने पुढे ती ओढली नाही, पण सरदारांनी उचलली, व्यापाऱ्यांनी विकली. १६१७ मध्ये जहांगीरने तिला मनाई केली, तीही फुकट गेली. त्या वैद्यापाशी पुरावा नव्हता, तरी तो बोलला. आजच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यापाशी पुराव्याचे ढीग आहेत, आणि तरीही त्यांच्यापैकी काहींच्या बोटांत सिगारेट असते.

हा पुरावा पुष्कळसा डॉक्टरांच्याच देहांनी दिला, हे विशेष. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती विचारली. सुमारे चाळीस हजारांनी उत्तरे दिली. त्या काळी डॉक्टरांत सिगारेट इतकी रूढ होती, की अमेरिकेत एक कंपनी डॉक्टरांचीच चित्रे छापून आपल्या सिगारेटी खपवीत असे. मग कोण कशाने मरण पावतो याची नोंद पन्नास वर्षे ठेवण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब असा, की आयुष्यभर सिगारेट ओढणारा न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षे आधी जातो. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याची तीन, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याची सहा, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याची जवळजवळ सर्व दहा वर्षे वाचतात. वैद्यकाचा विद्यार्थी तर विशीतला असतो.

मग तो का ओढतो? शवविच्छेदनाच्या दालनातील उग्र वास मारण्यासाठी, हे जुने कारण; एके काळी शिक्षकही तेच सांगत. त्यानंतर परीक्षेची जागरणे, वसतिगृहातील वडीलधाऱ्या विद्यार्थ्यांचा सहवास, आणि रात्रपाळीनंतर फाटकाबाहेरच्या टपरीवरील चहा. सिगारेटने मन स्थिर होते, असे तो सांगतो, व ते अगदीच खोटे नाही. निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि थोड्याच तासांत रक्तातून ओसरू लागते. ते ओसरले की जीव अस्वस्थ होतो. पुढचा झुरका ती अस्वस्थता शमवितो. जी तगमग सिगारेटनेच लावली, ती सिगारेटने विझविल्याचे सुख त्याला थकव्यावरील औषध वाटते. ही क्रिया त्याने पुस्तकात वाचलेली असते, परीक्षेत लिहिलेलीही असते! पण पाठ्यपुस्तकाचा पहारा दानियालवरील पहाऱ्याहून फारसा कडक नसतो.

त्याची हानी त्याच्यापुरतीच राहिली असती, तर तो विषय खाजगी म्हणून सोडता आला असता. परंतु उद्या बहादरपूरसारख्या गावातून विडी ओढणारा एखादा म्हातारा खोकत त्याच्यापुढे बसणार आहे, किंवा बऱ्हाणपूरच्या यंत्रमागावर दिवसभर कापसाचे तंतू श्वासावाटे घेऊन वर विडीचा धूर घेणारा कामगार येणार आहे. ज्याच्या स्वतःच्या खिशात पाकीट आहे, त्याची जीभ येथे अडखळते. तो औषध लिहितो, विडीविषयी विचारीत नाही. विचारलेच तर हसण्यावारी नेतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २१.४ टक्के तंबाखू खाणारे अथवा अन्य प्रकारे धुराविना घेणारे आढळले. आधीच्या वर्षभरात उपचारासाठी गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच ते सोडण्याचा सल्ला मिळाला होता.

कायद्याने आपले काम बरेच केले आहे. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस बंदी आहे, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम अधिक कडक झाले. टपरी थोडी लांब गेली, इतकेच पुष्कळ ठिकाणी झाले. उणीव आहे ती शिक्षणात. फुप्फुसाचा कर्करोग ओळखावा कसा हे विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे शिकविले जाते. विडी सोडू पाहणाऱ्या माणसाशी बोलावे कसे, हे क्वचितच. वस्तुतः हेही हाताखाली बसून शिकण्याचेच काम आहे. दिवसाला किती विड्या, सकाळची पहिली उठल्यावर किती वेळाने, पूर्वी सोडून पाहिली होती का, आणि कोणत्या दिवशी पुन्हा धरली, हे चार प्रश्न शिक्षकाने रुग्णाच्या खाटेपाशी स्वतः विचारून दाखविले, तर शेजारी उभा असलेला विद्यार्थी त्यांची उत्तरे मनातल्या मनात स्वतःलाही देऊ लागतो.